एकतीस तारखेचे बारा

कागद सेंट जॉन्सहून आला,
बोटीतून, पिठाच्या पोत्यांवर बसून:
एकतीस तारखेस बारा ए.एम. वाजता
स्कल्पिन कोव्हचा वीजपुरवठा कायमचा बंद होईल.
खाली सही. सहीवर शिक्का.
जनित्राची किल्ली माझ्या खिशात,
बावीस वर्षं तिथंच.

गाव सोडायचं ठरलं होतं.
एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस हात वर,
त्यातला एक माझा. त्यावरून भांडण नव्हतं.
भांडण पेटलं ते बारावरून.

सायलस डॉमिनिक्स म्हणाला, ए.एम. म्हणजे सकाळ,
आणि बारा ही सकाळची शेवटची पायरी.
जेवून घेऊ, मग कर खुशाल बंद.
त्याची सून म्हणाली, छे, मध्यरात्र.
कुठली मध्यरात्र?
तीस तारखेला दिवे मालवतो ती,
की एकतीसला मालवतो ती?
तिथं तीही अडकली.

शाळा मिटून चार वर्षं झाली
तरी प्रिसिला हिस्कॉक अजून गावाच्या बाईच.
कोळ्यांच्या गोदामाच्या दारावर त्यांनी खडूनं लिहिलं:
ए म्हणजे आधी, पी म्हणजे नंतर, एम म्हणजे मध्यान्ह.
"आता सांगा, मध्यान्ह स्वतःच्या आधी येतो की नंतर?
आणि मध्यरात्र? ती कालच्या मध्यान्हाच्या नंतरची
आणि उद्याच्या आधीचीही,
दोन्हींपासून सारखीच लांब."
हात झटकत म्हणाल्या,
"बारा हा उंबरठा आहे.
उंबरठ्याला कुणी विचारतं का,
तू घरातला की अंगणातला?"
"वीजमंडळ विचारतं," सायलस म्हणाला.

मी फोन लावला.
पलीकडची मुलगी गोड बोलली:
कागदात लिहिलंय तसंच, सर.
म्हणजे केव्हा?
बारा ए.एम., सर.

मग गावाचे दोन तट.
रात्रवाल्यांनी फ्रीज पुसून उघडे ठेवले,
मेणबत्त्या बशीत चिकटवल्या.
दुपारवाल्यांनी सगळं शेवटच्या सकाळीवर ढकललं:
गरम पाण्याची अंघोळ, शर्टाची इस्त्री,
आणि ब्लांच कीपिंगचे पाव.

तीस तारखेच्या रात्री
मी जनित्रापाशी स्टूल ओढून बसलो.
भिंतीवरच्या घड्याळात
धाकटा काटा खाली, थोरला त्याच्या अंगावर येत चाललेला.
डिझेलचा वास. खिडकीबाहेर तेवीस घरं,
बहुतेक काळी.
ब्लांचच्या स्वयंपाकघरात दिवा.
ती कणकेच्या परातीवर टॉवेल पांघरत होती,
कडा खोचून, तान्ह्या मुलावर पांघरतात तसा.

बारा वाजले.
गावाचे कधीच वाजले होते,
हे फक्त घड्याळात वाजले.
किल्लीवर माझा हात होता.
मी तो काढून खिशात घातला
आणि स्टुलावरच डुलक्या घेतल्या.

सकाळी इस्त्रीच्या वाफेचा वास धक्क्यापर्यंत आला.
सायलस ओल्या केसांनी हिंडत होता.
रात्रवाले दिवा लावून बघायचे,
लागला की रागानं विझवायचे.
दुपारी मी किल्ली फिरवली.
इंजिन थांबल्यावर कळलं
की समुद्राचा आवाज केवढा होता.
बोटीत ब्लांचनं मला अर्धा पाव दिला,
आत अजून गरम.

महिन्यानं पत्र आलं:
बारा तासांचं जास्तीचं डिझेल कसं जळलं,
लेखी खुलासा करावा.
मी एकच ओळ लिहिली:
कागदात लिहिलं होतं तसंच, सर.

आता गँडरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर.
वादळात वीज गेली, परत आली,
की ओव्हनवरचं घड्याळ उघडझाप करत बसतं:
बारा, बारा, बारा,
ना ए, ना पी.
मुलगी येते ती लावून देते.
मी नाही लावत.